तोरबाची सव्वा मूठ

१९८८च्या जूनमध्ये आमच्या घरातून एक माणूस डेन्मार्कला गेला आणि डेन्मार्कमधून एक माणूस आमच्या घरात आला. गेला तो माझा मोठा भाऊ वना. आला तो टोर्बेन. माणसांची अशी अदलाबदल आमच्या नरडाण्याने आजवर फक्त लग्नात बघितली होती, त्यामुळे गावाने या प्रकाराला साटंलोटं म्हणायला सुरुवात केली. तुमची पोरगी कोणती दिली, असंही दोघा-तिघांनी येऊन विचारलं. नाना, म्हणजे माझे वडील अभिमन, शांतपणे सांगत, ‘‘सध्या दोन्हीकडून मुलगेच शेतस.’’

वना जळगावला कॉलेजात होता. तिथल्या एका क्लबातर्फे मुलांना वर्षभर परदेशी पाठवत. अट एकच होती. तुमचा मुलगा तिकडच्या एका घरात राहणार, तर तिकडचा एक मुलगा तुमच्या घरात राहणार. तीन महिने तुमच्याकडे, पुढे दुसऱ्या घरी. टोर्बेनचं दुसरं घर धुळ्यातल्या एका वकिलांचं ठरलेलं होतं. त्यांच्याकडे फ्रीज, पंखे आणि इंग्रजी बोलणारी दोन मुलं होती. आमच्याकडे बैलजोडी होती, आणि बारावीला इंग्रजीत छत्तीस मार्क मिळवलेला मी.

तो जळगावहून पॅसेंजरने आला. उतरला आणि फलाटावरच्या प्रत्येकाशी हात मिळवत सुटला. आम्ही त्याला घ्यायला सातजण गेलो होतो, त्याने चाळीसेक हात मिळवले. त्यात चहावाला होता, हमाल होते, आणि आपल्या म्हशीचं औषध घ्यायला दोंडाईच्याला निघालेले एक बाबा होते, ते गाडी चुकवून आमच्याबरोबर घरापर्यंत आले आणि जेवून गेले. ते कोण होते ते आम्हाला अजून माहीत नाही.

टोर्बेन सतरा वर्षांचा होता आणि सहा फूट चार इंच होता. आमची चौकट साडेपाच फुटांची. पहिल्या आठवड्यात तो तिला नऊ वेळा लागला. मायने चौकटीला जुन्या गोधडीचा तुकडा बांधला. खाटेबाहेर त्याचे पाय यायचे, म्हणून नानांनी खाटेच्या पायथ्याशी एक पाट लावून दिला. सकाळी तो टमरेल घेऊन निघाला की मागे अकरा पोरं निघायची. तिथे मात्र नानांना मध्ये पडावं लागलं.

मायला त्याचं नाव म्हणता येत नव्हतं असं नाही. तिला ते अर्धवट वाटत होतं. तिने त्याला ‘तोरबा’ केलं. आठवडाभरात गाव तोरबा म्हणायला लागलं, आणि ते आमच्याकडच्या नावांत असं काही मिसळून गेलं, की पोस्टमन मला म्हणाला, ‘‘तुमच्या तोरबाला परदेशातून फार पत्रं येतात, कोणी नातेवाईक आहे का तिकडे?’’

त्याची एक खोड मात्र मायला सोसवेना. तो सारखे आभार मानायचा. पाणी दिलं, आभार. भाकरी वाढली, आभार. चिमणी पुसून ठेवली तरी आभार.

‘‘हाऊ पोऱ्या इतला आभार काबर मानस?’’ माय मला म्हणाली. ‘‘मी काय हाटेल चालाडस का?’’

तिने यावर उपाय काढला. जितक्या वेळा आभार, तितक्या भाकऱ्या जास्त. तोरबाला वाटलं, भाकरी वाढली की आभार मानायचे असतात. असं ते तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी तो खाटेवर आडवा पडून राहिला. मी त्याला माझ्या छत्तीस मार्कांत सगळं समजावून सांगितलं, तेव्हा कुठे त्याने आभार मानणं सोडलं आणि त्याची प्रकृती सुधारली.

दुसरी खोड विचारण्याची. ‘‘घेऊ का? बसू का? उघडू का?’’ तीही मायने मोडून काढली. ‘‘घरमां कोनी इचारतस का? भूक लागनी का डबामां हात घाल.’’ हे अंगवळणी पडायला त्याला दोन महिने लागले. तो सगळं एका निळ्या वहीत लिहून ठेवायचा. परतल्यावर शाळेत निबंध द्यायचा होता म्हणे. एका भाकरीला किती पीठ, विहिरीला किती पायऱ्या, आजोबांना काय म्हणतात, काकांना काय. भाषा तो आमचीच शिकला, म्हणजे अहिराणी. क्लबाचे एक साहेब मोटारीने विचारपूस करायला आले आणि त्याच्याशी उत्तम इंग्रजीत बोलू लागले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘बठ्ठं चांगलं शे, भाऊ. तुम्ही जेवनात का?’’ साहेब जेवून गेले.

उलट वनाची पत्रं काळजीची यायची. तिकडच्या लोकांनी त्याला स्वतंत्र खोली दिली होती, सायकल दिली होती, आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, स्वयंपाकघरात सगळं आहे, हवं ते घे. वना पाच दिवस वाट बघत होता, की कोणीतरी ‘जेवला का’ विचारेल. कोणी विचारेना. ते बिचारे म्हणत होते, मुलगा कमी खातो. ‘पहिले पाच दिवस मी पावावर काढले, तेही कोणी नसताना,’ असं त्याने लिहिलं होतं. मायने मला ते दोनदा वाचायला लावलं आणि त्या दिवशी तोरबाला न मागता दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

असे दिवस चालले होते आणि श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं, की ही देवी म्हणजे नारळ. त्याला डोळे, नथ, दागिने घालतात, रविवारी बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. पण खरी भानगड नारळाची नाही, रोटांची आहे. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू मोजायचे, ते घरीच जात्यावर दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. ते रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याच्या तोंडात कणही जाता कामा नये. ताट धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही अंगणातल्या खड्ड्यात ओततो. आणि पौर्णिमेच्या आत सगळं संपवायचं.

आमच्या भाऊबंदकीत सतरा घरं. त्यांचे नियम सांभाळायचे ते आधारआबांनी. ते नानांचे चुलत भाऊ, वयाने वीस वर्षांनी मोठे. माय त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सोडून काही बोलायची नाही, आणि पदर घेऊनही फारसं बोलायची नाही.

शनिवारी माय गहू मोजायला बसली. सूप मी धरलं होतं. सव्वा मूठ नानांची. सव्वा मूठ वनाची, कारण माणूस परगावी असला तरी त्याची मूठ मोजतात, त्याचा रोट घरच्यांनी खायचा. सव्वा मूठ माझी. मायची मूठ पुन्हा गव्हांवर गेली, तिथे जरा थांबली आणि रिकामी परत आली. तोरबा दाराशी बसून वहीत लिहीत होता.

आधारआबा ओट्यावरून म्हणाले, ‘‘दोन दिन ह्या पोऱ्याना जेवनानं बाहेर दखा. बाहेरना मानूस शे.’’

नानांनी भिकासरांना विचारलं. सर आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे, प्राथमिक शाळेत शिकवायचे, घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो होता आणि इंग्रजी वर्तमानपत्र यायचं, एक दिवस उशिरा. सर हसून म्हणाले, ‘‘पाठवा की. बाहेरचं असण्याचा आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, त्याला काही अडचण येणार नाही.’’ नाना थोडा वेळ चप्पल शोधल्यासारखं करत राहिले. चप्पल त्यांच्या पायातच होती.

सरांकडे जाताना तोरबाने मला विचारलं, ‘‘चुडा, मी बाहेरना शे का?’’

मी त्या काळी कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर देत नसे. तीच माझी गावात ओळख होती. मी म्हणालो, ‘‘तू घरातला असतास तर आम्ही दार मोठं नसतं का केलं?’’

तो हसला. मग त्याने चालता चालता वही उघडली, एक शब्द लिहिला आणि मिटली. कुठला ते मी बघितलं नाही, पण आमच्या दोघांत एवढ्यात एकच शब्द झालेला होता, ‘बाहेरना’. दहा वर्षं झाली, मी पुष्कळ विनोद केले, तेवढा एक परत घ्यायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

कानबाई बसली, गेली. मिरवणुकीत तोरबाने ताशाच्या मागे सगळ्यांत उंच नाच केला, तो आधारआबांनाही आवडला. जेवायला मात्र तो सरांकडेच गेला. मंगळवारपासून आमच्याच चुलीवरचं जेवू लागला, रोट सोडून. वनाच्या वाटचा रोट आम्ही तिघं थोडा थोडा खात होतो. उरलेला मायने बुधवारी कुस्करला, त्यात गूळ-तूप घातलं, डब्यात भरला आणि शिंक्यात ठेवला. शिंकं आमच्याकडे उंच टांगतात, मांजरापासून आणि परक्यांपासून लांब. पण ते टांगलेलं होतं साडेपाच फुटी माणसांच्या हिशेबाने. तोरबाच्या ते हनुवटीसमोर यायचं.

दुपारी चारला आम्ही शेतातून आलो. माय मागच्या अंगणात गोवऱ्या उलथत होती. मी पाय धुवायला गेलो. तोरबाला भूक लागली होती, आणि भूक लागली की डब्यात हात घालायचा, न विचारता, हे त्याला दोन महिने खपून शिकवण्यात आलं होतं. त्याने हात घातला. कुस्करलेला रोट काही त्याला ओळखू आला नाही. रोट म्हणजे गोल, एवढंच त्याच्या वहीत होतं. मी पाय धुऊन आलो तेव्हा तो डब्याच्या कडा बोटाने पुसत होता.

‘‘भारी शे,’’ तो म्हणाला. ‘‘काय शे हाई?’’

मी उत्तर देण्याच्या आधी ओट्यावरून उत्तर आलं. आधारआबा चहाला आले होते आणि दारातून बघत होते.

‘‘रोट शे तो!’’

अर्ध्या तासात ओट्यावर भाऊबंद जमले. आबांचं म्हणणं साधं होतं. बाहेरच्याने रोट खाल्ला, म्हणजे सतरा घरांचा रोट बाटला. आता सतरा घरांनी पुन्हा मुठी मोजायच्या, पुन्हा दळायचं, पुन्हा रांधायचं. आणि ह्या पोराला आजच्या आज धुळ्याला पोचवायचं, तीन आठवडे थांबायचं कारण नाही.

पुन्हा दळायचं म्हटल्यावर बायकांच्या घोळक्यात हालचाल झाली. शेजारच्या बेबाबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं, की त्यांचे हात शनिवारपासून खांद्यापर्यंत दुखतायत, आणि पोरगा काही इतका बाहेरचा दिसत नाही.

‘‘दिसत नही?’’ आबा म्हणाले. ‘‘खांबाइतला उंच शे, केस मक्काना शेतस!’’

‘‘मना सासरा बी उंच व्हता,’’ बेबाबाई म्हणाल्या.

चुलते झुलालभाऊ म्हणाले, आधी त्याची चौकशी तरी करा. आबांनी तोरबाला समोर बसवलं. बसूनही तो आबांइतकाच दिसत होता.

‘‘तुना आजाले जमीन शे का?’’

‘‘शे,’’ तोरबा म्हणाला.

‘‘भाऊबन शेतस का?’’

‘‘शेतस. आजाना एक भाऊ शे. पन दोन्हीजन बावीस वरीसपासून बोलतस नही.’’

‘‘काबर?’’

तोरबाला शब्द सापडेना. त्याने हाताने जमिनीवर एक रेघ ओढली. रेघेवर बोटांनी झाडं उभी केली. मग ती एकेक करून तोडली.

‘‘बांध!’’ ओट्यावरून एकदम आवाज आला. ‘‘बांधवरली झाडे तोडी टाकात!’’

‘‘कोनी तोडात? धाकलानी का मोठानी?’’ झुलालभाऊ पुढे सरकले.

‘‘धाकलानी.’’

‘‘धाकला असाच ऱ्हास,’’ झुलालभाऊ म्हणाले आणि नानांकडे बघितलं. नानांनी आढ्याकडे बघितलं. डेन्मार्कमधल्या त्या दोन भावांबद्दल ओट्यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. सरकारी मोजणी आणावी, असं बहुमताने ठरलं. हा पोरगा आपल्यातलाच आहे, याची बऱ्याच जणांना खात्री पटली होती.

आबांनाही ते पटल्यासारखं दिसत होतं, पण त्यांच्या मागे सतरा घरांचा नियम होता. ते म्हणाले, ‘‘बांध बठ्ठास्ले शे. बांधवरी कोनी घरना व्हत नही. ज्यानी मूठ मोजेल शे तो घरना. ह्यानी मूठ कोठे शे?’’

तोरबाची मूठ कोणी मोजलेली नव्हती. तोरबाला सगळं कळलं नसावं, पण ‘बाहेरना’ हा शब्द त्याने पाच-सहा वेळा ऐकला होता. तो उठला, वाकून आत गेला आणि थोड्या वेळाने पाठीवर पिशवी घेऊन बाहेर आला. चेहऱ्यावर राग नव्हता. नियम असेल तर नियम, असं काहीतरी होतं. त्याने दोन्ही चपला हातात घेतल्या होत्या, आणि आमच्या ओट्यावर एवढी माणसं असूनही एस्टी किती वाजता आहे, हे त्याने मलाच विचारलं.



‘‘मोजेल शे,’’ माय म्हणाली.

ती चौकटीत उभी होती, पदर कपाळापर्यंत. आवाज नेहमीचाच, भाजीला मीठ पुरे म्हणावं तसा. ओट्यावरच्या सगळ्या माना वळल्या, कारण आधारआबांसमोर मायचं वाक्य ऐकायला मिळणं हे कानबाईसारखंच वर्षातून एकदा व्हायचं.

‘‘काय म्हनतस?’’ आबा म्हणाले.

‘‘त्यानी मूठ मोजेल शे. चार मुठी मोज्यात मी.’’

आबा तिच्याकडे बघत राहिले. मंदाबाई, म्हणजे आमची माय, खोटं बोलते असं त्यांनी बत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी शनिवारी सूप धरून बसलो होतो, हे मात्र त्यांनी बघितलं होतं. ते माझ्याकडे वळले.

‘‘चुडामण. किती मुठी व्हत्यात?’’

आत कोपऱ्यात कानबाईचा रिकामा चौरंग अजून मांडलेलाच होता. माय माझ्याकडे बघत नव्हती. तोरबा बघत होता.

‘‘चार,’’ मी म्हणालो. सरळ उत्तर द्यायची सवय नव्हती म्हणून आवाज जरा मोठा निघाला.

‘‘सव्वा-सव्वा?’’

‘‘सव्वा-सव्वा.’’

आबांनी मांडीवर हात आपटला. ‘‘मंग तो सोताना रोट खाई गया! इतला गोंधळ कसाले? चहा ठेवा ना वं!’’

सतरा घरं एका दमात मोकळी झाली. बेबाबाईंचा हात दुखायचा थांबला. झुलालभाऊंनी तोरबाच्या पाठीवरची पिशवी काढून घेतली आणि त्याला बांधाचं पुढे काय झालं ते विचारायला बसवलं. नाना चहा पिताना एवढंच म्हणाले, ‘‘चार मुठीना हिशेबमां रोट माले कमीच वाटनात.’’ मायने त्यांच्याकडे असं बघितलं, की पुढचे दोन दिवस त्यांनी कशालाच कमी म्हटलं नाही.

ओटा रिकामा झाल्यावर मी मायच्या मागे चुलीपाशी गेलो. ‘‘माय, तीनच व्हत्यात.’’

‘‘माले माहीत शे,’’ ती म्हणाली. ‘‘गोवऱ्या आन.’’

तोरबा खाटेवर बसून वही चाळत होता. शनिवारच्या पानावर थांबला आणि मला दाखवलं. पानावर मायच्या मुठीचं चित्र होतं, खाली व्यवस्थित आकडे : ३ × १¼. तो दाराशी बसला होता, त्याने मोजलं होतं. तो आमच्याकडे सगळंच मोजत असे.

त्याने पेन काढलं, तिनावर काट मारली आणि चार लिहिलं.

तीन आठवड्यांनी तो धुळ्याला गेला, ठरल्याप्रमाणे. एस्टीवर सतरा घरांतली माणसं पोचवायला आली होती. वकिलांकडे फ्रीजमधलं थंड पाणी पिऊन त्याचा घसा बसला, म्हणून तो दर रविवारी आमच्याकडे यायचा. वकिलांची दोन्ही मुलंही यायला लागली. पुढच्या जूनमध्ये तो मायदेशी गेला आणि वना परत आला. पहिले काही दिवस वना जेवताना भाकरी स्वतःच उठून वाढून घ्यायचा, तेव्हा मायला फार वाईट वाटायचं.

त्या श्रावणात सूप पुन्हा मीच धरलं. नानांची मूठ झाली. वनाची झाली. माझी झाली. मायने चौथी मूठ भरली.

‘‘हाई कोनी?’’ नानांनी विचारलं.

‘‘तोरबानी. मांगला वरीस मोजी व्हती ना?’’ माय म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘चुडालेच इचारा.’’

मी हो म्हणालो. परगावी गेलेल्या माणसाचा रोट घरच्याने खायचा असतो आणि साक्ष मी दिली होती, तेव्हा तो माझ्याच ताटात आला. तेव्हापासून दर वर्षी येतो. आबांनी कधी हरकत घेतली नाही. लग्नकार्यात भाऊबंदांची मोजदाद करताना तेच म्हणायचे, ‘‘अभिमनना घरना चार. एक डेन्मार्कले ऱ्हास.’’

शहाण्णव साली तोरबाचं पत्र आलं. देवनागरीत, अहिराणीत, आणि माझ्यापेक्षा बऱ्या अक्षरात. आजोबा वारले, त्यांचा भाऊ अंत्यविधीला आला होता, पण रेघेच्या आपल्या बाजूला उभा राहिला. आणि शेवटी, त्याला मुलगी झाली.

माय त्या श्रावणात गहू मोजायला बसली तेव्हा आधारआबा काठी टेकत आले आणि शेजारी बसले. त्यांना आता दिसत कमी होतं, पण मुठी मोजता यायच्या. चारानंतर मायचा हात पुन्हा गव्हात गेला.

‘‘आते हाई कोनी वं?’’

‘‘तोरबानी आंडेरनी.’’

‘‘पोरीस्नी मूठ मोजतस का कधी?’’

माय आता आबांसमोर बोलायला शिकली होती. ‘‘नही मोजत,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही तठे जाईसन त्या पोरले तसं सांगी या.’’

आबांनी थोडा वेळ विचार केला. डेन्मार्क लांब होतं आणि त्यांचे गुडघे दुखत होते.

‘‘सव्वा मोज,’’ ते म्हणाले. ‘‘कमी नको करू.’’

गेली दोन वर्षं मी माझ्यासकट तिघांचं जेवतो. त्यातल्या एकीला मी अजून बघितलेलं नाही.